ट्रॅक डेला जायचंय, ड्यूक ३९० ला टायर कुठला टाकू? बेळगाव-निपाणीकडच्यांनी सांगा

अनगोळ_३९०:
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, जायचं ठरवलंय, चेन्नईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटला. गाडी २०१८ ची ड्यूक ३९०. रोजचं काम हत्तरगीकडं असल्यामुळं गाडी जवळजवळ सगळी हायवेलाच पळते, म्हणून मागचा टायर मधनं पार चपटा झालाय, कडेला नवाच्या नवा खरं मधे तुळतुळीत. पुढचा त्यातल्या त्यात बरा हाय. टायर बदलायचाच हाय तर ट्रॅकचा विचार करूनच टाकावा म्हटलं, खरं ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतोय. एक म्हणतो पिरेली टाक नाहीतर जाऊच नको, दुसरा म्हणतो स्लिक बघ, तिसरा म्हणतो पहिल्या वेळेला काय पण चालतंय. पैसे एकाच सेटचे हायत आणि परत आल्यावर त्याच टायरवर कामाला जायचंय. गाडी चालवतच न्यावी असा विचार हाय. जाऊन आलेल्यांनी जरा नीट सांगा.

निपाणीचा_आरसी:
भावा ट्रॅकवर ग्रिपला तोड नाही. पिरेलीचा रेसचा टायर, सुपरकोर्सा एससी, मिळाला तर बघ, मऊ कंपाउंड म्हणजे मऊ रबर, गाडी चिकटून चालते. टायरमध्ये पैसे वाचवू नको, बाकी सगळं नंतर.

उद्यमबाग_फिटर:
निपाणीकर, टायरमध्ये पैसे वाचवू नको हे शंभर टक्के बरोबर, खरं एससी ह्याला सांगू नका. रेसचा टायर मऊ असतो तो गरम झाल्यावर. गुळाची ढेप थंडीत फोडायला गेलं तर दगडासारखी लागते आणि उन्हात तीच बोटानं दबते, तसंच ह्या रबराचं हाय. म्हणून रेसवाले टायरला वॉर्मर गुंडाळून ऐंशी डिग्रीच्या आसपास तापवून मगच बाहेर पडतात. पहिल्यांदा जाणारा माणूस, ३९० सारखी हलकी गाडी, वॉर्मर नाही, जनरेटर नाही, ब्रेकपण जपून मारणार, तो त्या टायरात पाहिजे तेवढी उष्णता घालूच शकत नाही. म्हणजे महागातला टायर टाकून रोडच्या टायरपेक्षा कमी ग्रिप मिळणार. शिवाय हे टायर जितक्या वेळा तापून गार होतात तितकं रबर कडक होत जातं, नक्षी शिल्लक दिसते खरं टायर संपलेला असतो. रोज हत्तरगीला जाऊन येणाऱ्या गाडीला हे कसं परवडेल?

आणि स्लिकचा विषय तर इथंच सोडा. नक्षी नसलेला टायर रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, आणि चेन्नईपर्यंत त्याच्यावर जाणार कसा?

अनगोळकर, तुम्हाला पाहिजे चांगल्या कंपाउंडचा रोडचा स्पोर्ट रेडियल. गाडीचं माप पुढं ११०/७० आर १७ आणि मागं १५०/६० आर १७ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यात, आर म्हणजे रेडियल, १७ इंचाची रिम), हेच माप ठेवा. ह्या मापात अपोलो अल्फा एच१, टीव्हीएस युरोग्रिप प्रोटॉर्क एक्स्ट्रीम, मिशलिन रोड ५, पिरेली डायब्लो रोसो आणि गाडीबरोबर आलेला मेट्झेलर एम५ असे पर्याय हायत. ह्यातला कुठलाही ताज्या तारखेचा, पुढं-मागं एकाच जोडीतला टाकला आणि हवा नीट ठेवली तर पहिल्या काही ट्रॅक डेला टायर कमी पडणार नाही.

एक गोष्ट मात्र आताच सांगतो, तो मधनं चपटा झालेला टायर घेऊन जाऊ नका. ग्रिप राहिली बाजूला, गाडी वळणात झोपवताना तो चपट्या भागाच्या काठावर अडतो आणि मग एकदम खाली पडतो. दोन्ही टायर नवे टाका, नुसता मागचा नको.

खानापूर_जंगलवाट:
फिटरदादांचं पटलं. माझं एकच, आपल्याकडं जून ते सप्टेंबर टायर ओल्या रस्त्यावर असतो. चोर्ल्याला, आंबोलीला, जांबोटीच्या रस्त्याला लाल माती आणि शेवाळ. एकच सेट असेल तर पाण्यात धरणारा टायर बघायला पाहिजे. मी अपाचे आरआर ३१० वापरतो, २०२० पासून तिला कंपनीनंच मिशलिन रोड ५ दिलाय, माप तुमच्याच गाडीचं. हा टायर तसा स्पोर्ट टुरिंगचा, खरं पावसात ह्याच्याइतका विश्वास दुसऱ्या कुठल्याच टायरनं मला दिला नाही, आणि ट्रॅकवरपण कोरड्यात मजबूत चाललाय. फरक एवढाच की ऊन चढल्यावर सेशनच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या एका पाळीच्या, शेवटी शेवटी तो जरा हलायला लागतो, ढिला झाल्यासारखा वाटतो. तेव्हा एक लॅप हळू मारायचा.

निपाणीचा_आरसी:
बरं, एससीचं राहू दे, कारण पटलं. खरं मग रोसो तर टाकायला काय हरकत? हलक्या हाताचा माणूस असला तरी तो लवकर गरम होतो हा माझा अनुभव हाय.

उद्यमबाग_फिटर:
रोसोला काही हरकत नाही, उलट चांगलाच टायर हाय. अडचण मिळण्याची. जून २०२० मध्ये केंद्रानं नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली, त्यात दुचाकीचे टायरपण आले. शिवाय आयएसआयचा शिक्का लागतो. म्हणून बाहेरच्या ब्रँडचा माल कधी मिळतो कधी नाही, आणि बेळगावात १५०/६० विकणारी दुकानं थोडी, गिऱ्हाईक थोडं, त्यामुळं रॅकवरचा टायर किती वर्षं तिथं बसलाय ते बघितल्याशिवाय घेऊ नका. कोल्हापूर, हुबळी, पुण्यात फोन करून आधी तारीख विचारा, मग ब्रँड विचारा.

अनगोळ_३९०:
तारीख कशी बघायची ते जरा सांगा दादा. काल एका दुकानात रोसो दाखवला, भाव चांगला सांगितला, खरं त्याच्यावर शेवटी १४१९ असं काहीतरी होतं.

उद्यमबाग_फिटर:
साईडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. तो टायर घेऊ नका, फुकट दिला तरी ट्रॅकला नको. रबर नुसतं ठेवूनपण कडक होतं, त्यातलं तेल निघून जातं. नखानं दाबून बघा, नव्यावर खूण पडून परत भरते, जुन्यावर नख सरकतं. दोन वर्षांच्या आतला मिळाला तर उत्तम.

तिथंच मापाच्या शेजारी आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ६६ एच. ६६ म्हणजे त्या टायरला ३०० किलो पेलतं, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालेल. ३९० ला एच पुरे. डब्ल्यू म्हणजे २७०, आपल्या गाडीला ते लागत नाही, खरं असला तर वाईट नाही.

टिळकवाडीची_आरवन५:
दादा माझापण प्रश्न ह्याच धाग्यात विचारते. माझी आर१५ व्ही३ आहे, पुढं १००/८०-१७ आणि मागं १४०/७० आर १७. मला सगळे सांगतात मागं १५० टाक, ग्रिप वाढेल, आणि दिसायलापण भारी दिसते. आणि पुढचा बायस (आतले दोरे तिरपे), मागचा रेडियल (आतले दोरे आडवे) असं चालतं का? कारण सगळीकडं वाचलंय की मिसळायचं नाही.

उद्यमबाग_फिटर:
ताई, १५० टाकू नका. हिशोब करून बघा. १४०/७० म्हणजे रबराची उंची १४० च्या सत्तर टक्के, ९८ मिलिमीटर. १५०/६० म्हणजे १५० च्या साठ टक्के, ९० मिलिमीटर. म्हणजे मागची बाजू आठ मिलिमीटर खाली बसली. गाडी मागं बसली की पुढच्या फोर्कचा कोन पसरतो आणि गाडी वळायला आळशी होते, आर१५ ची जी खरी गोडी हाय, चटकन वळणं, तीच गेली. वर रुंद टायर अरुंद रिमवर बसवला की दोन्ही बाजूंनी आवळला जातो, मधला भाग टोकदार होतो, आणि वळणात जमिनीला लागणारं रबर वाढायच्या ऐवजी कमीच होतं. रिमवर रुंदी कोरलेली असते ती बघा आणि टायर कंपनीच्या तक्त्यात त्या रुंदीला कुठलं माप चालतं ते बघा.

मिसळायचं म्हणाल तर तुमच्या गाडीला कंपनीनंच पुढं बायस आणि मागं रेडियल दिलाय, गाडी त्याच्यावरच तपासून बाहेर आलीय, त्यामुळं ते चालतं. उलटं, म्हणजे पुढं रेडियल आणि मागं बायस, हे कधीच करू नका. पुढं ११०/७० चा रेडियल टाकायचा विचार असेल तर तोपण तीन मिलिमीटरनं खाली बसतो आणि रिमच्या रुंदीचा प्रश्न परत येतोच. पहिल्या वेळेला कंपनीच्याच मापात चांगला टायर टाका आणि जा.

टिळकवाडीची_आरवन५:
धन्यवाद दादा, हिशोब करून बघितला, बरोबर आठ येतात. दुकानदारानं हे कधीच सांगितलं नव्हतं. आता हवेचं सांगा ना, मॅन्युअलमधली ठेवायची की कमी? इथं कुणी २४ म्हणतं कुणी ३२.

उद्यमबाग_फिटर:
हवेवर जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते ब्रँडपेक्षा फरक इथं पडतो आणि इथं पैसे लागत नाहीत.

टायर ट्रॅकवर तापतो म्हणजे आतली हवा तापते आणि दाब वाढतो. समजा सकाळी पंचवीस डिग्रीला तुम्ही ३० पीएसआय भरली. सेशनमध्ये आतली हवा पासष्ट डिग्रीला गेली तर तोच आकडा ३६ च्या जवळ जातो. म्हणजे काहीही न करता सहा पीएसआय वाढली. टायर फुगून कडक झाला, जमिनीला टेकणारा भाग कमी झाला, आणि मग लोक म्हणतात टायर घसरतोय, ब्रँड बेकार हाय. म्हणून ट्रॅकवर आकडा गरम टायरचा बघायचा असतो, सेशन संपवून आत आल्या आल्या, हेल्मेट काढायच्या आधी. पाच मिनिटं गप्पा मारून मोजली तर तो आकडा खरा नव्हे.

सुरुवात कुठून करायची? टायर कंपनीनं ट्रॅकसाठी आकडा दिला असेल तर तोच धरा. नसेल तर मॅन्युअलमधल्या एकट्याच्या आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी करून थंड टायरमध्ये भरा, पाच-सहा लॅप मारा, आत या, मोजा. थंडपेक्षा गरम आकडा साधारण दहा-पंधरा टक्के वर असेल तर ठीक चाललंय. त्याहून बराच जास्त वाढला असेल तर टायर गरजेपेक्षा जास्त वाकतोय आणि तापतोय, म्हणजे सुरुवातीची हवा कमी पडली. अजिबात वाढलाच नाही तर तुम्ही टायर तापवलाच नाही, म्हणजे अजून वेग वाढवायला जागा हाय, हवा काढत बसू नका. बदल एका वेळेला एक पीएसआयचा, आणि काय केलं ते वहीत लिहून ठेवा, दुपारी ऊन चढल्यावर परत सगळं बदलतं.

२४ म्हणणारे रेसच्या टायरचा आकडा सांगतायत. त्या टायरची साईडवॉल कडक असते, कमी हवेला तो आकार धरून राहतो. रोडच्या टायरला इतकी कमी हवा ठेवली की गाडी वळणात लिबलिबते. खुद्द मोटोजीपीतपण पुढच्या टायरला कमीत कमी दाबाचा नियम हाय, २०२४ पासून तो १.८० बार, म्हणजे साधारण २६ पीएसआय, तोपण गरम असतानाचा, आणि त्याच्याखाली गेला तर शिक्षा होते. ते टायर कुठं आणि आपले कुठं.

आता आपल्या बेळगावकरांसाठी एक खास गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर हाय, चेन्नई समुद्राकाठी. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं. इथं भरलेला तोच टायर चेन्नईत सव्वा पीएसआयनं कमी दाखवेल, आणि तिथला उकाडा तेवढाच परत वाढवेल, कधी जास्त कधी कमी. म्हणून घरनं सेट करून गेलो हा हिशोब धरू नका. तिथं पोचल्यावर, सकाळी, सावलीत, टायर पूर्ण गार असताना परत भरा. आणि स्वतःचं चांगलं गेज घ्या, एकच, तेच कायम वापरा. पंपावरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पायानं मारायचा पंप सोबत ठेवा, हवा काढणं सोपं, भरायला तिथं रांग लागते.

निपाणीचा_आरसी:
नायट्रोजनचं काय दादा?

उद्यमबाग_फिटर:
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्रास देते ती हवेतली पाण्याची वाफ, तापल्यावर तिच्यामुळं दाब आणखी वाढतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढणाऱ्याकडं हवा भरा, तेवढं पुरे. त्यापेक्षा व्हॉल्व्हला आत रबर असलेल्या धातूच्या टोप्या लावा. चाक जोरात फिरताना व्हॉल्व्हची पिन बाहेर, म्हणजे टायरच्या बाजूला, ओढली जाऊन हवा सुटू शकते, टोपी घट्ट असली तर हवा तिथंच अडते. बिनटोपीची कितीतरी चाकं बेळगावात फिरताना दिसतात.

चिकोडी_पल्सर:
मी एनएस२०० वाला. ट्रॅकला जायच्या आधी चोर्ल्यात एक-दोनदा जोरात मारून टायरचा अंदाज घेतला तर चालतंय न्हवं? कडेपर्यंत टायर घासला की कळतंय की किती झोपते गाडी.

खानापूर_जंगलवाट:
नको भावा, अजिबात नको. मी त्या रस्त्याला राहतो. वळणाच्या पलीकडं काय हाय ते दिसत नाही, म्हैस असेल, समोरनं गोव्याचा ट्रक आपल्या लेनमध्ये असेल, कडेला लाल खडी आलेली असेल. तुमच्या चिकोडी-निपाणीकडं तर गळीत सुरू झालं की ट्रॅक्टरनं उसाची कांडकी आणि चिखल रस्ताभर पाडलेला असतो, तो चिखल वाळून पीठ झाला की कुठलाच टायर धरत नाही. घाटात जे कळतंय ते त्या दिवशीच्या रस्त्याचं कळतंय, टायरचं नव्हे. टायर कडेपर्यंत घासलेला नसला म्हणून ट्रॅकवर तुला कुणी कमी समजत नाही. आपल्याकडची पोरं आपण घाटात घालवलेली हायत, म्हणून एवढं लिहिलं.

टिळकवाडीची_आरवन५:
सहमत. हे प्रत्येक ग्रुपवर टाकायला पाहिजे.

उद्यमबाग_फिटर:
खानापूरकरांनी मनातलं लिहिलं. चिकोडीकर, नवा टायर रुळवायचा असेल तर शंभर-एक किलोमीटर शांतपणे चालवा, हळूहळू कल वाढवत, बस्स. वरचा गुळगुळीत थर तेवढ्यात निघतो. आणि ट्रॅकवरपण प्रत्येक सेशनचे पहिले दोन लॅप टायर तापवायला सोडा. गाडी डावी-उजवी नाचवून टायर तापत नाही, सरळ रेषेत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दमानं वापरून तापतो.

जवळ पाहिजे असेल तर कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक हाय, बाईकचं काही चालू हाय का ते फोन करून विचारा. लहान ट्रॅकवर वेग कमी, पहिलं शिकायला तेच बरं.

अनगोळ_३९०:
मंडळी खूप खूप आभार. ठरवलं. दोन्ही टायर नवे, त्याच मापात, कोल्हापुरात ताज्या तारखेचा रोड ५ मिळतोय असं फोनवर कळलंय, नाही जमलं तर अल्फा एच१. आता एकच राहिलं, चालवत जाऊ की नको? हायवे तर तोच हाय, घरापासनं ४८ नंबर धरला की हुबळी, बेंगळूर, वेल्लोर करत श्रीपेरंबुदूरला ट्रॅकच्या जवळच नेऊन सोडतो.

उद्यमबाग_फिटर:
रस्ता सोपा हाय, खरं साडेआठशे किलोमीटरच्या आसपास एका दिशेला. नवा टायर तेवढं सरळ पळून लगेच चपटा होणार नाही, पण दमलेला माणूस दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर चुका करतो. आणि वाटेत खिळा लागला तर? पंक्चरची दोरी भरलेला टायर ट्रॅकवरच्या तपासणीत परत पाठवू शकतात, आणि पाठवलंच पाहिजे, वेगात ती दोरी उडाली तर माणूस जातो. परत येताना गाडी पडून लिव्हर मोडलेला असला तर चालवत येणार कसा? त्यातून रोजच्या विम्यात रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या धरत नाहीत, हेपण डोक्यात ठेवा. तिघं-चौघं मिळून पिकअप करा.

निपाणीचा_आरसी:
माझ्या मामाचा पिकअप हाय, तीन गाड्या आरामात बसतात. डिझेल वाटून घेऊ. टिळकवाडीच्या ताई येणार असतील तर त्यांची आर१५, अनगोळची ड्यूक आणि माझी आरसी. बेळगावला हायवेला येऊन घेतो.

टिळकवाडीची_आरवन५:
मी येते. माझा भाऊपण येईल मदतीला. तारीख नक्की झाली की सांगा, सुट्टी टाकायला लागेल.

उद्यमबाग_फिटर:
मस्त. मग नोंद करून टाका. पट्टे बांधताना हँडलच्या टोकाला बांधू नका, खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (फोर्कचे दोन्ही पाय धरणारी पट्टी) मऊ लूप घालून बांधा, पुढचा फोर्क अर्धाच दबेल एवढंच ताणा, पूर्ण दाबून साडेआठशे किलोमीटर नेलं तर सील जातात. वाहतुकीत टायरमध्ये नेहमीची रस्त्याची हवा असू दे, कमी करायची ती तिथं. पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून गाडी उभी धरणारा स्टँड, पाहिजे असेल तर आमच्या शेजारच्या शेडमध्ये चौकोनी पाइपचा बनवून देतात, ड्यूक आणि आरसीला एकच चालतो, आर१५ चं स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) माप वेगळं पडेल, ताई शनिवारी गाडी घेऊन या, मोजून घेऊ. आत आल्यावर टायर कसा घासलाय त्याचे फोटो इथंच टाका, उजवी बाजू जास्त गेलेली दिसेल, तिथं उजवी वळणं जास्त आणि जोराची हायत. कडेला रबराच्या बारीक गोळ्या दिसल्या तर चांगलं, खरं कडा फाटल्यासारख्या, खवले उठल्यासारख्या दिसल्या तर पुढच्या सेशनला जायच्या आधी हवेचा आकडा आणि फोटो दोन्ही पाठवा, मी फोनजवळ असेन.